वैयावृत्त्य आणि पेटीचे सूर



गेल्या महिन्यात याच सदरात वृद्धांच्या आहाराविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका भगिनीचे पत्र मी अजून टेबलावरून उचललेले नाही. त्या लिहितात, ‘आमच्या सासूबाई वर्षभर शुश्रूषागृहात आहेत. जेवण वेळेवर मिळते, औषधे वेळेवर मिळतात, चादरी स्वच्छ असतात. पण आम्ही केव्हाही गेलो तरी त्या समोरच्या भिंतीकडे पाहत बसलेल्या असतात. आहाराविषयी आपण लिहिलेत. या भिंतीविषयी काही लिहाल का?’

पत्राखाली नाव नव्हते आणि ते का नव्हते हे मला चांगले समजते. आपल्या व्यापारी समाजात घरचे वडीलधारे माणूस बाहेर ठेवावे लागणे ही गोष्ट आजही दबक्या आवाजात सांगितली जाते. पेढीवर तोटा आला तर चारचौघांत बोलता येते, हे बोलता येत नाही. म्हणून आधी मीच सांगून टाकते. आमचे बापूजी, म्हणजे माझे सासरे, २०२४ च्या दिवाळीनंतर एका शुश्रूषागृहात आहेत. वय तेव्हा शहाऐंशी. स्मृतिभ्रंश तीन वर्षांपासून होताच, त्यात पडून खुब्याचे हाड मोडले. मंगळवार पेठेतील आमचे घर जुन्या बांधणीचे, जिना उभा, खोल्या अरुंद. रात्री दोन माणसांनी धरल्याखेरीज त्यांना उठवता येईना. चार महिने आम्ही ते केले. मग माझ्या यजमानांची कंबर धरली आणि निर्णय घ्यावा लागला. त्या निर्णयाबद्दल नातेवाइकांनी जे म्हणायचे ते म्हणून झाले आहे. त्यात आता कोणी भर घातली तरी आम्हांला नवीन काही ऐकायला मिळणार नाही.

बापूजींची शाहूपुरीत गुळाची अडत होती. दिवसभर सौदे, हिशेब, हमालांची वर्दळ. आणि संध्याकाळी चौविहार आटोपला की पायी केशवराव भोसले नाट्यगृहाकडे. ते त्याला शेवटपर्यंत ‘पॅलेस थिएटर’च म्हणत. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले ते नाट्यगृह आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. संगीत नाटक असले की बापूजींची खुर्ची ठरलेली. घरात पेटी कोणी वाजवत नव्हते, पण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा सतरा वर्षांचे बापूजी अडतीवरच्या रेडिओपुढे कसे उभे राहत, हे आमच्या बा नेहमी हसून सांगत. गीतरामायणाचे संगीतकार सुधीर फडके कोल्हापुरात जन्मलेले, त्यामुळे बापूजींना त्या सुरांवर आपला घरचा हक्क वाटे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही सर्व गच्चीवर उभे होतो आणि बापूजीही मध्ये खुर्चीवर बसून त्या उजेडाकडे पाहत होते. सकाळी त्यांना त्यातले काहीही आठवत नव्हते. ‘आज प्रयोग किती वाजता?’ असे त्यांनी विचारले आणि यजमान ‘साडेनऊला, बापूजी’ असे म्हणून दुकानात निघून गेले.

आता आमच्या हातून घडलेली चूक. बांच्या पुण्यतिथीला आम्ही शुश्रूषागृहात मिष्टान्न दिले आणि सोबत भक्तिसंगीताचा कार्यक्रम ठेवला. हेतू चांगलाच होता. ध्वनिवर्धक आणले, माणसाच्या उंचीचे दोन कर्णे दिवाणखान्यात लावले, पाच कलावंत, निवेदक, हार-तुरे, छायाचित्रे. पहिल्या स्तवनातच एका आजींनी कानातले यंत्र काढून पदराला बांधले. दुसऱ्या आजोबांनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले. बापूजी ओरडू लागले, तेव्हा त्यांना खोलीत नेऊन निजवावे लागले. कार्यक्रम तीन तास चालला, कारण मानधन तीन तासांचे ठरले होते. परत येताना गाडीत कोणी बोलले नाही.

त्यानंतर कानाच्या एका डॉक्टरांना भेटले तेव्हा कळले की म्हातारपणी ऐकू कमी येते एवढेच आपण धरून चालतो, प्रत्यक्षात घडते ते अधिक विचित्र असते. उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. शिवाय हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज एकदम दुखतो; सोसवणाऱ्या आवाजाची मधली पट्टीच अरुंद होऊन जाते. कानातील यंत्रे मुख्यत्वे बोलण्यासाठी जुळवलेली असतात, त्यांतून कर्ण्याचा आवाज फाटून येतो. थोडक्यात, आम्ही प्रसाद म्हणून जे वाटले ते अर्ध्या श्रोत्यांना शारीरिक त्रासाचे होते.

आधुनिक शुश्रूषेचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णसेवेवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात गोंगाटावर एक संपूर्ण प्रकरण आहे आणि त्यातच संगीताविषयी मोजकी वाक्ये आहेत. त्यांचे निरीक्षण असे, की ज्या वाद्याचा सूर अखंड टिकतो, म्हणजे फुंकीची वाद्ये, मानवी कंठ आणि गजाने वाजणारी तंतुवाद्ये, ते आजाऱ्याला बहुधा मानवते. पियानोसारखे तुटक आघाताचे वाद्य, वादक कितीही निपुण असला तरी, आजाऱ्याला उलट बाधते. संगीताचा असा उपयोग खर्चामुळे सर्रास होत नाही, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आहे. हे वाचताना मला आपला तानपुरा आणि पेटी आठवली. आपल्याकडचा गाणारा आधी सूर धरतो, तो खोलीत भरू देतो आणि मग गाऊ लागतो. आजाऱ्याच्या खोलीला याहून योग्य रीत कोणती असेल?

आमच्याच गल्लीत एक मुलगी पेटी शिकते. महाविद्यालयात जाते, गळाही बरा आहे. आमच्या कोल्हापुरात अशा मुलांना तोटा नाही. १८८३ पासूनचा देवल क्लब पेठेला लागूनच आहे, आणि अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या गावात शिष्य घडवले त्या गावाच्या कानांवर काही संस्कार राहिलेच आहेत. तिला मी विचारले, ‘गुरुवारी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास येशील का? ध्वनिवर्धक नाही, स्टेज नाही, टाळ्याही बहुधा मिळणार नाहीत.’ ती म्हणाली, ‘काकू, टाळ्या नकोत, पण आजोबांना कुठले गाणे आवडते ते आधी सांगा.’ तिचा प्रश्न योग्य होता. पुण्यतिथीच्या कार्यक्रमाआधी तो आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

वेळ आम्ही चौविहारानंतरची ठरवली. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांना दिवेलागणीला अस्वस्थता घेरते. घरी जायचे म्हणतात, दार ठोठावतात, गेलेल्या माणसांची नावे घेतात. बापूजींचा डबा सूर्यास्तापूर्वी नातू देऊन येतो. त्यानंतर रात्रीच्या औषधापर्यंतचा दीड-दोन तासांचा काळ सर्वांत कठीण. नेमक्या त्या वेळी ती मुलगी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसली, पेटी मांडीवर घेतली आणि काही न गाता नुसता षड्ज धरून राहिली. बापूजींनी मान वळवली. तिने गीतरामायणातील एक गीत अगदी संथ लयीत सुरू केले. दुसऱ्या कडव्याला बापूजींची बोटे खाटेच्या लोखंडी कठड्यावर ठेका धरू लागली. मला आश्चर्य ठेक्याचे वाटले नाही, कारण तो तर टॅब्लेटवर गाणे लावले तरी कधीमधी लागे. आश्चर्य पुढचे. बापूजी एका जागी अडखळले आणि ठेका थांबला, तशी तीही थांबली. नुसता सूर धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग बापूजींनी पुढचा शब्द स्वतः उच्चारला, अर्धवट, बेसूर. आणि तिने तो त्यांच्याकडून घेऊन ओळ पुरी केली.

टॅब्लेट थांबत नाही. जिवंत संगीताचा सगळा फरक मला त्या दिवशी तेवढ्यात समजला. यंत्रातील गाणे कितीही थोर गायकाचे असो, ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकत नाही. समोरचा दमला तर लय उतरवता येत नाही, रडू लागला तर गाणे बदलता येत नाही, म्हाताऱ्या गळ्याला झेपावे म्हणून पट्टी दोन-तीन स्वर खाली घेता येत नाही. समोर माणूस गात असेल तर त्याचे ओठ दिसतात, श्वास दिसतो; कमी ऐकू येणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो. पेटीवर हात ठेवला तर तिचा थरार तळव्याला कळतो. शेजारच्या खाटेवरच्या आजी, ज्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्या हल्ली दर गुरुवारी पेटीच्या लाकडावर हात ठेवूनच गाणे ऐकतात.

आता मर्यादाही सांगते, कारण आपण व्यापारी माणसे, माल आहे त्याहून चढवून सांगितला तर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. बापूजींची स्मृती परत आलेली नाही. गुरुवारी गाणे म्हणणारे बापूजी शुक्रवारी मुलाला ‘आपण कोण?’ असे विचारतात. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष तपासून एकत्र मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली स्मृतिभ्रंश आणि संगीतोपचार यांवरील अभ्यासांचा आढावा घेतला. शुश्रूषागृहांतील रुग्णांना निदान पाच बैठका मिळाल्या तर त्यांची उदासीनता बहुधा कमी होते आणि वर्तनाच्या एकूण तक्रारीही घटतात, असे त्यात आढळले; मात्र आक्रमकपणावर आणि बुद्धीच्या कामकाजावर फारसा परिणाम दिसला नाही. शिवाय हे परिणाम उपचार संपल्यानंतर महिनाभराने टिकतात का, याविषयी पुरावा अपुरा होता. म्हणजे हे औषध नव्हे. भूक रोज लागते म्हणून जेवण रोज द्यावे लागते, तसे हे पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

आणि तरीही उदासीनता कमी होणे ही लहान गोष्ट आहे का? क्लाइव्ह वेअरिंग नावाच्या इंग्लिश संगीतकाराला १९८५ मध्ये मेंदूज्वराने असे ग्रासले, की नवी आठवण काही क्षणांपलीकडे टिकेनाशी झाली. पत्नी खोलीबाहेर जाऊन परत आली की ती अनेक वर्षांनी भेटल्यासारखा आनंद त्यांना होई. पण पियानोपुढे बसले, की संपूर्ण रचना ते अखेरपर्यंत वाजवू शकत. गाणे चालू आहे तोवर प्रत्येक स्वर पुढच्या स्वराकडे नेतो, म्हणून माणूस तेवढा वेळ हरवत नाही. बापूजींच्या पाऊण तासाला मी या अर्थाने मोल देते.

संगीत आणि दवाखाना यांचे नाते आपल्या भागाला नवे नाही. मिरज हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासूनची वैद्यकाची परंपरा; दुसरी, तिथल्या कारागिरांचे तानपुरे आणि सतारी, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या दोन्ही गोष्टी एका मुलाच्या आयुष्यात एकत्र आल्या. १८७२ मध्ये कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरी जन्मलेला विष्णू लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूच्या स्फोटात सापडला आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणले. तिथे डॉ. भडभडे यांनी त्याचे डोळे तपासले. दृष्टी पूर्ववत होणार नाही हे त्यांच्या ध्यानात आले, पण मुलाचा गळा चांगला आहे हेही आले. याला संगीत शिकवा, असा सल्ला त्यांनी दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरजेतच होते. त्यांच्यापाशी शिकून तो मुलगा पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर झाला आणि ५ मे १९०१ रोजी त्याने लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारात आणि मोजक्या घराण्यांत राहिलेले गाणे शाळेच्या वर्गात आले, तुमच्या-माझ्या मुलींना पेटी शिकता येऊ लागली, त्याच्या मुळाशी एका डॉक्टरने रुग्णाच्या निकामी डोळ्यांपलीकडे पाहिले ही गोष्ट आहे. शिरोळ तालुक्यातील आपल्या अनेक कुटुंबांना कुरुंदवाड परके नाही. तरी हा प्रसंग तिथल्या मुलांना कोणी सांगते का, याची मला शंका आहे.

पाश्चात्त्य देशांत ही गोष्ट काहीशी व्यवस्थेने होते. विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘लाइव्ह म्युझिक नाऊ’ ही संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. होतकरू तरुण वादकांना वृद्धाश्रम, रुग्णालये, विशेष शाळा अशा ठिकाणी वादनाची संधी द्यायची आणि त्याचा मोबदला द्यायचा, अशी ती योजना. मोबदल्याचा मुद्दा मुद्दाम सांगते. आपल्याकडे अशा कामाला ‘सेवा’ म्हटले की कलावंताने फुकट यावे असे गृहीत धरतात. मग तो एकदा येतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा त्याची परीक्षा असते. आम्ही त्या मुलीला दर महिन्याला पाकीट देतो. पहिल्यांदा ती संकोचली, तेव्हा यजमान म्हणाले, ‘बेटा, डबेवाल्याला पैसे देतो, सिस्टरांना देतो, तुलाच का नको?’ पुण्यतिथीच्या त्या एका दिवसाच्या खर्चात तिचे कित्येक महिन्यांचे मानधन बसते, हा हिशेब त्यांनी नंतर वहीत मांडून मला दाखवला.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने मला सर्वांत भावलेली कथा मिलान शहरातील आहे. इटलीचे संगीतकार ज्युसेप्पे व्हेर्दी यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात निराधार वृद्ध कलावंतांसाठी एक निवास बांधला. इमारत १८९९ मध्येच तयार झाली होती, पण आपण हयात असताना कोणी आभार मानायला येऊ नये म्हणून आपल्या मृत्यूपूर्वी ती उघडू नये अशी त्यांची अट होती. १९०१ मध्ये ते वारले, १९०२ मध्ये दारे उघडली. खर्चासाठी त्यांनी आपल्या संगीतनाटकांचे उत्पन्न लावून दिले होते. दानशिलेवर नाव कोणत्या क्रमांकावर यावे यासाठी आपल्याकडे जी चर्चा होते, ती ऐकताना मला मिलानची ती बंद दारे आठवतात.

दानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनात आहे ती लिहिते. स्नात्रपूजा असो, मोठे पूजन असो, रात्रीची भावना असो, आपण दूरदूरहून गायक आणि वादक बोलावतो, त्यांचा मान ठेवतो, मानधन देतो. ते उचितच आहे. पण आपल्या सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्य आहे, आणि तत्त्वार्थसूत्राने ज्यांचे वैयावृत्त्य करावे अशा दहांची यादी दिली आहे, तीत ‘ग्लान’ म्हणजे रुग्ण याला स्वतंत्र स्थान आहे. तो उल्लेख साधुसंघातील रुग्णाचा आहे हे मी जाणते. तरी श्रावकाच्या घरातील ग्लानाकडे तो भाव वळवण्याला कोणाची हरकत असू नये. देरासरापर्यंत जे आता पोहोचू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत भावना पोहोचवायला एक पेटी आणि एक गळा पुरतो.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातले थोडे. टीव्ही आधी बंद करावा. तो चालू ठेवून गाणे सुरू करणारी ठिकाणे मी पाहिली आहेत. आठ-दहांपेक्षा अधिक माणसे एका वेळी नकोत. जो आज ऐंशीचा आहे त्याच्या पंधरा ते पंचवीस या वयातील गाणी शोधावीत. बहुतेकांच्या मनात ती सर्वांत खोल रुतलेली असतात. सगळ्यांना भक्तिगीतेच आवडतात असे मानू नये. आमच्या इथे एक आजोबा आहेत, त्यांना फक्त लावणीचा ठेका आवडतो आणि त्यांच्या सूनबाई त्यामुळे लाजून बाहेर उभ्या राहतात. आणि ज्याला नको असेल त्याला उठून जाऊ द्यावे. एका गुरुवारी एका आजींना एक अंगाई ऐकून इतके रडू कोसळले की त्यांना शांत करायला रात्र गेली. त्यांचे एक मूल लहानपणीच गेले होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. तेव्हापासून ती मुलगी नवीन माणसासमोर गाण्याआधी घरच्यांशी फोनवर बोलून घेते.

शुश्रूषागृहातील मावशींचा उल्लेख राहिला. बारा-बारा तासांची पाळी, वर शिव्या खाणे, कधी चापटही. पूर्वी संध्याकाळी त्या बापूजींच्या खोलीत जायला कंटाळत, हे मला दिसत असे आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. परवा त्यांतल्या एक मावशी मला दारातच म्हणाल्या, ‘ताई, आजोबा लई ग्वाड गळ्याचं हायत की! आमाला कवा सांगिटलं न्हाई तुमी.’ बापूजी गोड गळ्याचे कधीच नव्हते. पण मावशींना ते आता ‘खोली क्रमांक चार’ राहिलेले नाहीत, आणि मुख्य म्हणजे अंग पुसताना त्या स्वतःच गुणगुणतात.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना एवढेच सुचवीन, की सासूबाईंच्या माहेरी कोणी हयात असेल तर त्यांना विचारावे, त्या लहानपणी काय गुणगुणत असत. सुरुवात तिथून करता येईल. गायक मिळेपर्यंत स्वतः म्हटले तरी चालते. गळा चांगला नसेल याची चिंता नको. भिंतीपेक्षा तो बराच असेल.

आमच्याकडे या आठवड्यात मात्र खंड पडणार आहे. पेटीचा भाता फाटला आणि ती दुरुस्तीला टाकली आहे. पुढच्या सोमवारपर्यंत मिळेल असे कारागीर म्हणतात. मुलगी म्हणते, पेटीशिवायही येते, बापूजींना तेवढा षड्ज पुरेल. काल बापूजींनी तिला विचारले होते, ‘आज प्रयोग किती वाजता?’ तिने घड्याळात पाहून सांगितले, ‘साडेसहाला, आजोबा. आता सुरूच करते.’